घाट दाखवणे

आमच्या डेपोत म्हणायचे, नव्या माणसाला आधी घाट दाखवा.
म्हणजे नवा स्टेअरिंगवर, जुना शेजारी,
बस रिकामी,
यवतेश्वर, कास, बामणोली,
वर-खाली, वर-खाली,
तीस फेऱ्या झाल्या की कागदावर सही.
मगच माणसं बसवायची.

आता निवृत्त आहे. पहाटे साडेपाचला
सहाव्या वळणावर शिट्टी घेऊन उभा असतो,
हातात लाल पंचा.
दुधाची गाडी खाली गेली की वर हाळी देतो
आणि वैजयंता साबळे पाठीवर आडवी होते,
पाय पुढे, डोकं मागे,
एमआयडीसीत जोडून घेतलेल्या चार चाकांवर.
ब्रेक म्हणजे बुटांना ठोकलेले टायरचे तुकडे.
आधी आवाज येतो, पत्र्याचा डबा फरफटल्यासारखा,
मग ती,
मग नुसता पंचा हलतो.

कठड्याला आम्ही गवताचे भारे बांधतो,
किलोमीटरच्या दगडाला जुना टायर.
फिरायला येणारे हसतात, दगडाला सदरा कशाला?
हसू देत.
दगड काही बाजूला होत नाही.

जानेवारीत ती खऱ्या बर्फावर गेली.
रात्री दोनला फोन. तिकडे अजून जेवणं चालली होती.
“काका, इथल्या पोरांना दोन हिवाळे मिळालेत या उतारावर.
चारशे फेऱ्या. डोळे मिटून उतरतात.
आम्हा पाहुण्यांना सहा.
त्याही सगळ्यांच्या शेवटी, बर्फ फुटल्यावर.”

सहा.
सहा फेऱ्यांत मला पेट्रीचा थांबासुद्धा नीट कळला नव्हता.

“आणि तेराव्या वळणाबाहेर खांब आहेत, लोखंडी.
उघडे.”

तिसऱ्या दिवशी एक पोरगा तिथूनच बाहेर फेकला गेला.
लहान देशाचा, एकटा आलेला.
आदल्या रात्री त्याने वैजूला जर्दाळू दिले होते,
खिशातून, मोजून चार.
कंबर मोडली. जगला.
दिवस मावळायच्या आत कागद निघाला: खेळाडूची चूक.
आणि रात्रभर सुतार
त्या खांबांना फळ्या ठोकत होते.

“चूक त्याची, तर फळ्या कुणासाठी, काका?”

मी गप्प.
लाईन कट झाली असं तिला वाटलं.

ब्याण्णव साली बबन पिसाळच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या.
जत्रेचे दिवस, माणसं कमी,
साहेब म्हणाले, घोरपडे, तीस लिहा.
मी लिहिल्या. अक्षर माझं चांगलं.
सांबरवाडीच्या खाली बस नाल्यात गेली.
प्रवासी वाचले, बबनचा उजवा हात गेला.
चौकशीत आलं: चालकाचा दोष.
साक्षीला मीच होतो. चहा दिला होता, तो प्यालो.

वैजूने तिकडे अर्ज लिहिला.
नऊ देशांच्या पोरापोरींनी सह्या केल्या.
दोन फेऱ्या वाढवून मिळाल्या, उपकार केल्यासारख्या,
आणि सुरुवात खालच्या टप्प्यावरून.
ती उतरली. शेवटून पहिली आली.
इथल्या पेपरात दोन ओळी, त्यात आडनाव चुकलेलं.

आता यासीन मुलाणी शिकायला येतो, चौदा वर्षांचा.
त्याला तिने महिनाभर नुसतं चालवलं.
प्रत्येक वळणावर खाली बसून
डांबराला हात लावायचा, खडी कुठे सुटलीय ते बघायचं,
परत वर.
मग कुठे चाकं दिली, तीही खालच्या दोन वळणांपुरती.

फेऱ्या मांडायची वही माझ्याकडे असते.
काल तो जवळ आला, घामेजलेला,
“काका, सात झाल्या. दहा लिहा की, ताईला काय कळतंय.”

खाली सातारा उजाडत होता, अजिंक्याताऱ्यावर धुकं.
मी चष्मा पुसला.
सात लिहिले.
अक्षर आता पूर्वीसारखं येत नाही.